पोथी तीच राहते का?

निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ त्रिदल आहे. एक मंडप आणि त्याला जोडून तीन गाभारे. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचं हे काम. इतक्या काळात दगड झिजला, काही मूर्तींचे नाकडोळे बोथट झाले. पण खांबावर जी नक्षी कोरली ती जागची हलली नाही. ज्या शतकांत असली देवळं या मुलखात उभी राहिली, त्याच शतकांत निलंग्याच्या चहूअंगांना शब्दांचंही मोठं काम चाललं होतं. आग्नेयेला, पन्नासेक किलोमीटरच्या आत, कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णा आणि त्यांचे सोबती कन्नडमधून वचनं सांगत होते. वायव्येला अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यापलीकडे गोदावरीच्या अंगाला चक्रधर, ज्ञानेश्वर, नामदेव. हे शब्द दगडात कोरलेले नव्हते. ते माणसांच्या तोंडी होते, मग ताडपत्रावर आणि कागदावर आले, आणि आज छापील पुस्तकांतून आपल्या हातात आहेत. वाटेत त्यांचं काय झालं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तो निलंग्यातून पाहायला सोपा जातो. १९५६ पर्यंत निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत अहमदपूर आणि उदगीरबरोबर तो मराठी मुलखाकडे आला. त्यामुळे इथे एकाच गावात नाना परंपरांचे ग्रंथ नांदतात. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. लिंगायत घरांत मन्मथस्वामींचं ‘परमरहस्य’ वाचलं जातं. रमजानच्या तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण मुखोद्गत म्हणतात. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो. यांपैकी कोणाही श्रद्धावंताला विचारलं तर उत्तर बहुधा एकच येईल: आमच्या ग्रंथात काना-मात्रेचा फरक झालेला नाही. उलट बाजूला, सगळं मागाहून घुसडलेलं आहे, असं म्हणणारेही कमी नाहीत. ही दोन्ही विधानं पोथी न उघडता करता येतात, म्हणूनच ती इतक्या जोरात केली जातात.

पोथ्या उघडून पाहिल्या की वेगळंच दिसतं. कोणताही मजकूर आपोआप तसाच राहत नाही. जिथे तो टिकला तिथे कोणीतरी, कुठल्या तरी काळी, विशिष्ट पद्धतीनं कष्ट केलेले असतात. त्या माणसांची नावं आणि वर्षं पुष्कळदा सांगता येतात. जिथे तो वाढला किंवा बदलला, तिथेही बहुतेक वेळा लबाडी सापडत नाही, प्रेम सापडतं. हे दोन्ही नीट पाहिल्याशिवाय आपल्या हातातली पोथी आपल्याला कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कल्याणपासूनच सुरुवात करू. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळाच्या काळात शरणांची, म्हणजे बसवण्णांभोवतीच्या शिवभक्तांची, चळवळ उभी राहिली आणि त्याच शतकात ती उधळली गेली. माणसं पांगली, त्यांच्याबरोबर वचनंही पांगली. वचन हे गद्याच्या जवळचं, छंदाचं बंधन नसलेलं. त्याला ओळख देणारी एकच खूण म्हणजे शेवटची नाममुद्रा, कन्नडमध्ये अंकित. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींच्या वचनात चेन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंच्या वचनात गुहेश्वर. पंधराव्या शतकात, विजयनगरच्या राजवटीत, विरक्त साधूंनी ही विखुरलेली वचनं गोळा करून जुळवायला घेतली. त्यातून ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ तयार झाला. अनुभवमंटपातले, म्हणजे शरणांच्या चर्चासभेतले, संवाद जणू डोळ्यांसमोर घडतायत अशी त्याची मांडणी आहे. पण हा ग्रंथ एकदा झाला नाही. शिवगणप्रसादी महादेवय्यांनी तो पहिल्यांदा रचला, आणि पुढे आणखी तीन संपादकांनी आपापल्या परीनं तो नव्यानं सिद्ध केला. चार शून्यसंपादने आज उपलब्ध आहेत, आणि त्या चारही सारख्या नाहीत. वचनं बाराव्या शतकातली, पण कोणत्या वचनाला कोणतं उत्तर मिळालं, कोणत्या प्रसंगी मिळालं, ही गुंफण पंधराव्या-सोळाव्या शतकातली. अनुभवमंटपाचं जे चित्र आपल्या मनात आहे त्याचा मोठा भाग या संपादकांनी दिलेला आहे.

नंतर ही ताडपत्रं मठांत आणि घरांत पडून राहिली. विसाव्या शतकात विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी गावोगाव फिरून ती गोळा करत राहिले. १९२३ मध्ये त्यांचा ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध झाला. पुढे छापखाना काढण्यासाठी त्यांनी राहतं घर विकलं. १९९३ मध्ये कर्नाटक सरकारनं एम. एम. कलबुर्गी यांच्या मुख्य संपादकत्वाखाली समग्र वचनांचे पंधरा खंड काढले. असा छापील, तपासलेला मजकूर हाती आला म्हणजे बदलाचा धोका संपला, असं वाटेल. तसं झालं नाही. नव्वदच्या दशकात माते महादेवी यांनी ‘बसव वचन दीप्ती’ या आपल्या संपादनात बसवण्णांच्या वचनांतली कूडलसंगमदेव ही मुद्रा काढून तिथे लिंगदेव असं घातलं. त्या स्वतः लिंगायत धर्मपीठाच्या प्रमुख होत्या, बसवण्णांवर त्यांची निष्ठा होती. आपल्या दृष्टीनं त्या मजकूर शुद्धच करत होत्या. समाजातून तीव्र विरोध झाला. १९९८ मध्ये कर्नाटक सरकारनं पुस्तकावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्मग्रंथात बदल कसा होतो हे सहसा आपल्याला शेकडो वर्षांनंतर, दोन पोथ्या शेजारी ठेवून ओळखावं लागतं. इथे तो आपल्या डोळ्यांदेखत झाला. बदल करणारी व्यक्ती आतली होती, श्रद्धावान होती. आणि मूळ मजकूर टिकला तो हळकट्टी-कलबुर्गींसारख्यांनी आधीच प्रती जुळवून ठेवल्यामुळे. तुलनेला काही नसतं, तर शंभर वर्षांनी लिंगदेव हीच बसवण्णांची मुद्रा ठरली असती.

आता निलंग्याच्या ईशान्येला, नांदेडला जाऊ. ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, आणि त्याआधी यापुढे ग्रंथ हाच गुरू असं सांगितलं. जगातल्या फार थोड्या धर्मग्रंथांना असा मान आहे, आणि फार थोड्या ग्रंथांच्या मजकुराची इतकी काळजी घेतली गेली आहे. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी भाई गुरदास यांच्याकडून आदिग्रंथ लिहवून घेतला. शंभरेक वर्षांनी गुरू गोविंदसिंहांनी त्यात आपले वडील, नववे गुरू तेगबहादूर यांची वाणी घातली. त्यानंतर भर नाही. छापील प्रतीत १,४३० पृष्ठं, आणि कुठल्याही गुरुद्वाऱ्यात तोच मजकूर त्याच पृष्ठावर सापडतो.

हे घडलं कसं? त्यामागची एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. या ग्रंथात ज्यांची वाणी आहे ते सगळे गुरू आपल्या रचनेच्या शेवटी ‘नानक’ हीच मुद्रा वापरत. कारण ज्योत एकच, देह वेगळे, अशी त्यांची धारणा. तसंच राहिलं असतं तर कोणतं पद कोणाचं हे दोन पिढ्यांत कळेनासं झालं असतं. गुरू अर्जनांनी प्रत्येक रचनेच्या माथ्यावर ‘महला’ आणि आकडा घातला. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ३ म्हणजे गुरू अमरदास, महला ५ म्हणजे ते स्वतः. जमिनीला सातबारा असावा तशी ही नोंद. शिवाय रागवार मांडणी, प्रत्येक गटाच्या शेवटी पदांची बेरीज. मधे एक पद कोणी सरकवलं तर बेरीज चुकते आणि चोरी पकडली जाते. भक्तीच्या ग्रंथात हिशेबाची ही शिस्त पाहिली की मला गुरू अर्जनांविषयी वेगळाच आदर वाटतो.

शीख परंपरा रामरायांची गोष्ट सांगते. सातवे गुरू हरराय यांचा हा थोरला मुलगा औरंगजेबाच्या दरबारी गेला असता गुरू नानकांच्या एका ओळीबद्दल त्याला जाब विचारला गेला. बादशहाची मर्जी राखायला त्यानं ‘मुसलमान’ या शब्दाच्या जागी ‘बेईमान’ असा शब्द सांगितला. एकच शब्द. वडिलांनी त्याचं तोंड पाहिलं नाही, आणि गुरुगादी धाकट्या हरकिशनांकडे गेली. अशी गोष्ट ज्या समाजात मुलांना सांगितली जाते, तिथे नक्कल करणाऱ्याचा हात जपूनच चालणार.

तरीही इथेसुद्धा प्रश्न पूर्ण मिटत नाही. जुन्या हस्तलिखितांत शब्द एकमेकांना जोडून, सलग लिहीत. त्याला लडीवार म्हणतात. छापील प्रतीत शब्द सुटे केले, तेव्हा कुठे तोडायचं हा निर्णय कोणीतरी घेतला. नांदेडच्या हजूर साहिबला गुरू ग्रंथसाहिबांबरोबर गुरू गोविंदसिंहांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही विधिपूर्वक उघडला जातो. पंजाबात त्या ग्रंथाच्या स्थानाबद्दल वाद आहेत. म्हणजे एका ग्रंथाचं अक्षर न अक्षर जपणाऱ्या पंथातही, धर्मग्रंथात काय काय मोडतं याचं उत्तर ठिकाणानुसार थोडं बदलतं.

आणि इथेच आपले नामदेव येतात. नरसी नामदेव आजच्या हिंगोली जिल्ह्यात, नांदेडपासून लांब नाही. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. १६०४ नंतर ती जशीच्या तशी राहिली. मराठीत मात्र नामदेवांची गाथा दोन हजारांहून अधिक अभंगांची आहे. एकाच संताच्या नावावर एकीकडे ६१ आणि दुसरीकडे दोन हजार.

कारण मराठीत कोणी महला घातला नाही. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा सगळ्यांना मोकळी राहिली. नामदेवांच्या घरातली माणसं, त्यांच्या परंपरेतले कीर्तनकार, आणि एकनाथांच्या काळातला विष्णुदास नामा, ज्यानं मराठीत महाभारत रचलं, या सगळ्यांच्या रचना एकाच धाग्यात ओवल्या गेल्या. कीर्तनात उभा राहणारा माणूस अभंग पाठ म्हणतो, श्रोत्यांकडे पाहून कडवं वाढवतो, आणि शेवटी ‘नामा म्हणे’ म्हणून थांबतो. त्याला त्यात खोटं काही वाटत नाही, कारण आपण बोलतोय ते नामदेवांच्याच बळावर, अशी त्याची खरी भावना असते. १९७० मध्ये महाराष्ट्र शासनानं नामदेव गाथा प्रसिद्ध केली. कोणता नामा कोणता, हे वेगळं करण्याचं काम अभ्यासक अजून करतायत.

मग पंजाबातला नामदेव खरा आणि आपला भेसळीचा, असं म्हणायचं का? तसं म्हणणं घाईचं होईल. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानला जातो. म्हणजे आदिग्रंथात शिरण्याआधी ती पदं अडीचशे वर्षं गायकांच्या तोंडी उत्तरेत फिरत होती. १६०४ साली गुरू अर्जनांनी जे जपलं ते त्या वर्षी पंजाबात गायलं जाणारं रूप. गोठवल्यावर पद बदलत नाही, हे खरं. पण गोठण्याआधीचा प्रवास त्यामुळे पुसला जात नाही. प्रत्येक पक्क्या ग्रंथाला असा एक दिवस असतो. त्या दिवसानंतरचा इतिहास स्वच्छ दिसतो, आधीचा धूसर.

तुकोबांच्या बाबतीत रचना आणि लेखन यांतलं हे अंतर फार थोडं, तरी गोंधळ आहेच. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यानं सरकारी मदतीनं दोन खंडांत गाथा काढली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, पंढरपूर वगैरे ठिकाणच्या वह्या ताडून ती सिद्ध केली. तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. वि. ल. भावे यांनी तुकोबांचे सोबती संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ छापली, तीत सुमारे तेराशे.

इथवर लिहिलेल्या मजकुराचं झालं. पाठांतराचं काय? लिहिलेलं टिकतं आणि बोललेलं उडून जातं, अशी आपली समजूत असते. वेदांनी ती खोटी ठरवली. ऋग्वेदाची १,०२८ सूक्तं हजारो वर्षं मुखानं आली, आणि स्वरांसकट आली. त्यासाठी पाठ करण्याचे प्रकार ठरवले होते. घनपाठात पहिला शब्द, दुसरा, मग दुसरा, पहिला, मग पहिला, दुसरा, तिसरा, मग उलट, मग पुन्हा सुलट, अशी प्रत्येक जोडी पुढे-मागे फिरवत जायचं. एक शब्द गळला तर सगळी साखळी अडखळते आणि गुरूला लगेच कळतं. २००३ मध्ये युनेस्कोनं या परंपरेची दखल घेतली. पण याच वेदांकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. पतंजलीच्या महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१ शाखांचा उल्लेख आहे. आज ऋग्वेद म्हणजे मुख्यतः शाकल शाखा. जे उरलं ते अक्षरशः तसंच उरलं. जे म्हणणारी घराणी संपली ते समूळ गेलं. धर्मग्रंथ बदलतो म्हणजे त्यात भर पडते, एवढंच आपण धरून चालतो. गळती मोजायला मात्र काही साधन उरत नाही.

हाफिजांची पद्धतही माणसामाणसांतल्या पडताळ्यावर उभी आहे. इमाम तरावीहमध्ये चुकला तर मागे उभा असलेला दुसरा हाफिज तिथल्या तिथे दुरुस्ती सांगतो. खलिफा उस्मान यांच्या काळात, सातव्या शतकाच्या मध्याला, कुराणाची एक प्रमाण संहिता ठरवण्यात आली. पठणाच्या मान्य रीती मात्र एकाहून अधिक राहिल्या, आणि त्या परंपरेनंच नोंदवून ठेवल्या. दहाव्या शतकात इब्न मुजाहिद यांनी सात रीतींची मांडणी केली. आपल्याकडे, आणि जगात बहुतेक ठिकाणी, हफ्स यांची रीत चालते. १९२४ च्या कैरो आवृत्तीनं ती छपाईत सर्वदूर नेली. ज्यूंच्या बाबतीत १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहांत यशया प्रेषिताच्या ग्रंथाची गुंडाळी मिळाली. तोवर हाती असलेल्या पूर्ण हिब्रू हस्तलिखितांहून ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. ताडून पाहिलं तेव्हा मजकूर मोठ्या अंशी तोच निघाला. फरक होते, पण बरेचसे वर्णलेखनाचे. त्याच गुहांत दुसऱ्या काही ग्रंथांची रूपं मात्र बरीच वेगळी सापडली. एकाच समाजात, एकाच काळी, एक पोथी स्थिर आणि दुसरी वाहती असू शकते.

मराठवाड्याला जवळचं असं आठवणीचं सर्वांत हृद्य उदाहरण महानुभावांचं आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या लीळा म्हाइंभटांनी रिद्धपुरी नागदेवाचार्यांच्या साहाय्यानं, ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून लिहिल्या. मराठीतला हा पहिला गद्य चरित्रग्रंथ. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असं पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा या बाईंचं पाठांतर प्रमाण मानलं गेलं. आठवणी सगळ्यांच्या जुळल्या नाहीत. तिथे त्यांनी काय केलं? एक निवडून बाकीच्या पुसल्या नाहीत. हिराइसांचा पाठ असा, रामेश्वरबासांचा असा, परशरामबासांचा असा, ही ‘वासना’ निराळी, असं नाव घालून लिहून ठेवलं. पुढे हे ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेर कोणाला ते वाचता आले नाहीत. आपली आठवण अपुरी आहे हे मजकुरातच नोंदवून ठेवणारा धर्मग्रंथ मला दुसरा चटकन आठवत नाही. इतका प्रामाणिकपणा सातशे वर्षांपूर्वी मराठीत होता, याचा मला अभिमान वाटतो.

आता ज्ञानेश्वरी. घरोघरची पोथी, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त थांबू.

शके १२१२, म्हणजे १२९०, नेवासे. ज्ञानेश्वरांनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ती पहिली पोथी कोणी पाहिलेली नाही. त्यानंतर नकला. नक्कल करणारा बहुधा भाविक, कधी मोबदल्यावर लिहिणारा. पोथीच्या शेवटी तो विनवतो की समोर जशी पोथी होती तशी उतरली, शुद्धाशुद्धाचा दोष मला लावू नये. पण जशीच्या तशी उतरणं हे किती अवघड! ज्ञानेश्वर एक गोष्ट सांगायला दृष्टान्तांची माळ लावतात, आणि ‘जैसे’, ‘ना तरी’, ‘कां’ अशा शब्दांनी एकामागून एक ओव्या सुरू होतात. नक्कल करणाऱ्याची नजर एका ‘ना तरी’वरून उठते आणि चुकून पुढच्या ‘ना तरी’वर बसते, मधल्या ओव्या गळतात. हीच माळ दुसऱ्या बाजूनंही फसवते. प्रवचन करणाऱ्याला रंगात येऊन आणखी एक दृष्टान्त सुचतो, तो ओवीत बसतो, कोणीतरी समासात टिपून ठेवतो. पुढच्या नकलेत समासातली ओवी आत येते. गाळलेली असेल म्हणूनच समासात लिहिली, असं नक्कल करणाऱ्याला वाटलेलं असतं.

आणि भाषा. तेराव्या शतकातला माणूस ‘जगु’, ‘सुखु’, ‘म्हणौनि’ म्हणत होता. दोनशे वर्षांनी नक्कल करणाऱ्याच्या कानाला ते चुकीचं वाटतं. तो आपल्या मते दुरुस्ती करतो. कठीण शब्द आला की त्या जागी ओळखीचा शब्द सहज उतरतो. अर्थ बिघडत नाही, कदाचित सोपा होतो. पण ज्ञानेश्वरांच्या तोंडचा शब्द जातो.

१५८४ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी, पैठणला एकनाथांनी हे ओळखलं. पाठभेदांमुळे ग्रंथ अशुद्ध झाला आहे म्हणून प्रती ताडून तो शुद्ध केला, असं त्यांनी शेवटी स्वतःच्या ओव्यांत सांगून ठेवलं आहे. वर्ष दिलं, कारण दिलं, आणि ताकीदही दिली: यात जो कोणी आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. एकनाथ स्वतः मोठे कवी. भागवतावर त्यांनी केवढी टीका लिहिली. ज्ञानेश्वरीत चार ओव्या घातल्या असत्या तर त्या कोणाला ओळखूही आल्या नसत्या. त्यांनी हात आवरला आणि जे लिहिलं ते शेवटी, उघडपणे, आपल्या नावानं लिहिलं. संपादकाचा धर्म कोणता हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही. मात्र शुद्ध करणं म्हणजेही निवड करणंच. सोळाव्या शतकातल्या एका थोर माणसाला जे योग्य वाटलं ते राहिलं. जुनी रूपं त्यातही काही प्रमाणात नवी झाली असणार. आज साखरे महाराज, बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर यांच्या ज्या सांप्रदायिक प्रती वाचल्या जातात, त्या या परंपरेतल्या. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. त्यांच्यातही आपसांत बारीक फरक आहेत.

१८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली, आणि पहिल्यांदाच एकसारख्या शेकडो प्रती लोकांच्या हाती गेल्या. मग १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी बीडजवळच्या पाटांगणच्या मठात मिळालेल्या एका पोथीवरून वेगळीच ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं, ही एकनाथांच्या आधीची. भाषा खरोखर जुनी वळणाची, ओव्यांची संख्या कमी. त्याच वर्षी त्यांनी ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. वारकऱ्यांनी ही प्रत स्वीकारली नाही; भाषेच्या अभ्यासकांना ती मोलाची वाटली; आणि ती खरोखरच एकनाथपूर्व आहे का, यावर विद्वानांत वाद झाले. वाद मिटवायला मूळ पोथी पुन्हा पाहायला हवी होती, पण ती पुढे कोणाच्या हाती लागली नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनानं ज्ञानेश्वरी काढली ती राजवाड्यांच्या संहितेवर आधारून. म्हणजे आज निलंग्यात एका घरी सांप्रदायिक आणि शेजारच्या घरी शासनाची प्रत असेल, तर नववा अध्याय दोन्हीकडे नववाच आहे, शिकवण तीच आहे, आणि तरी बोट ठेवून वाचत गेलं की ओळीओळीला कुठे एक प्रत्यय, कुठे एक शब्द, कुठे अख्खी ओवी वेगळी निघते.

अशा फरकांचं काय करायचं, याची सर्वांत मोठी शास्त्रशुद्ध खटपट पुण्यात झाली. भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, वि. सी. सुखटणकरांनी तिची पद्धत घालून दिली. १९६६ मध्ये ती पुरी झाली. काश्मीरपासून केरळपर्यंतची, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांतली, हजाराहून अधिक हस्तलिखितं जमवली. पोथ्यांची कुळं लावली. ज्या कुळांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यांत जो श्लोक सारखा आला तो जुना धरला. लाख श्लोकांचं महाभारत पाऊण लाखाच्या आसपास आलं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं ही आपल्या सगळ्यांची आवडती कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. तरी संपादकांनी तिला फेकून दिलं नाही. कोणत्या पोथीत काय आहे ते प्रत्येक पानाच्या तळाशी नोंदवलं. महानुभावांनी वासना लिहून ठेवल्या, तीच रीत इथे मोठ्या प्रमाणावर आली. व्यासांची अक्षरशः मूळ रचना आपण शोधून काढली, असा दावा सुखटणकरांनी कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं गेलो, एवढंच त्यांचं म्हणणं.

छपाई झाली म्हणजे एकच रूप कायम झालं, असंही नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना त्या आवृत्तीत नव्हती. ती १९८० मध्ये भगवान दास यांनी प्रसिद्ध केली. तेवीस वर्षं वाचक त्या प्रस्तावनेशिवायच ग्रंथ वाचत होते. आता मोबाईलवर ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, गुरबानी आहे. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कोणत्या प्रतीवरून मजकूर घेतला हे लिहिलेलं नसतं, आणि टंकलेखनातली चूक एका दिवसात हजारो फोनवर जाते. पूर्वी एक चूक एका पोथीत राहायची. पारायणाची पोथी विकत घेताना किंवा फोनवर उतरवून घेताना पहिल्या पानावर संपादकाचं नाव आणि आधारप्रत पाहावी, इतकं तरी आपण करू शकतो.

शेवटी वारकऱ्यांच्या पंचांगातली एक तिथी. ज्ञानेश्वरीच्या अखेरीला ग्रंथ पुरा झाल्याचा शक येतो, तिथी येत नाही. तरीही ज्ञानेश्वरी जयंती दरवर्षी ठरलेल्या दिवशी होते, भाद्रपद वद्य षष्ठीला. शके १५०६ मध्ये, कपिलाषष्ठीच्या त्या दिवशी, पैठणला एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध करण्याचं काम पुरं केलं होतं.